हौदातलं हिरवं पाणी

माय,

शिंपले तू मारले न्हाई. मला कोणी इचारलं न्हाई, तरी सांगून राह्यले, कारण तू जाईपर्यंत तेच धरून बसली. ते मेले हौद धुण्यानं. हाताबिताचा काई संबंध न्हाई.

मोठा दुष्काळ सरल्यावर मासे-खात्याचा साहेब घनसावंगीहून आल्ता. गोदावरीतले शिंपले हौदात वाढतात का, ते त्याला बघायचं होतं. डोहात पायाच्या बोटानं शिंपला हुडकणारी तूच, म्हणून शाळेमागचा हौद तुझ्या हवाली केला. काय ती तुझी ऐट. माझं तान्हं शेजारणीकडं ठेवून आपण दोघींनी ओल्या पोत्याखाली झाकून डोहातून शिंपल्यांच्या पाट्या आणल्या. साहेबानं बजावलं होतं, पाणी हिरवं झालं तरी हात लावायचा न्हाई. तू बराबर मान हलवली. अन् दुसऱ्या दिवशी बघते तर काथ्या अन् राख घेऊन तू हौद घासून राह्यली. का, तर कालवणाचे शिंपले आपण माती ओकेपर्यंत साफ पाण्यात ठेवतो. अगं, ते खायचे असतात, हे जगवायचे होते. तसं म्हणले तर मलाच म्हणती, "पाव्हण्याला काय घाणीत निजवू?"

मंग रोज साफ पाणी. शिंपले उपाशी मेले, तोंडं उघडून, वास पार चावडीपर्यंत. बाया नाकाला पदर लावून म्हणायच्या, हिच्या हाताला यशच न्हाई, आधी दोन लेकरं गेली, आता हे. साहेब आला तर चिडलाबी न्हाई. "बाई, ते हिरवं हेच त्यांचं जेवण. पुन्हा आणा," म्हणला. असं म्हणणारा साहेब भेटतो का कोणाला? पण तू हात पदरात घेऊन बसली. "माझ्या हातचं काई जगत न्हाई." मी समोर जिती उभी, कडेवर तुझा नातू, अन् तू हे म्हणली. आजबी डोकं फिरतं माझं.

पुन्हा मीच गेल्ते, तुला न सांगता. तू हौदाची वाटच सोडलेली. पाट्या आणल्या, पाण्याला हात लावला न्हाई. जगले. चांगले जगले. सांगितलं असतं तर तू म्हणली असती, बघ, तुझ्या हाताला यश हाय, माझ्याच न्हाई. म्हणून गप राह्यले.

हे कागूद धाडायला जागा न्हाई, ठावं हाय. याच्यापुढं मला काई बोलायचं न्हाई.