समेवर वीट

शनिवार, ९ एप्रिल
लातूर. सरकारी दवाखाना, बायकांचा वॉर्ड, खाट सहा.
अख्ख्या जिल्ह्यात पाणी नाही आणि मी घसरले ती पाण्यावरून. भाच्याच्या, सुधीरच्या, नव्या घराची वास्तुशांत. टँकरचं पाणी भरलेलं पिंप गळत होतं, ओघळ थेट न्हाणीच्या दारात. नांदेडहून दोन दिवसांसाठी आले होते. मांडीचं हाड मोडलं.
पाय ताणून ठेवलाय. टाचेपासून दोरी, दोरी कप्पीवरून खाली, तिला फडक्यात बांधलेल्या तीन विटा. हाड जागेवर राहावं म्हणून ही ओढ. डॉ. म्हणाले, पद्धत जगभर हीच आहे. विटा मात्र स्थानिक.
पायाकडून खाट उंच केल्यामुळे मला छत दिसतं, पंखा दिसतो आणि स्वतःचा अंगठा दिसतो. मान वळवली तर शेजारची खाट आणि दार. बाकीचं जग ऐकीव.

रविवार, १० एप्रिल
सु. ने माझा रेडिओ आणून दिला. एवढ्यासाठी त्याचे शंभर अपराध माफ. उन्हाळी संगीतसभा सुरू झाली. दर रविवारी संध्याकाळी पाच. गेली अकरा वर्षं एकही चुकवलेली नाही.
आज भीमपलास. विलंबित एकताल, गाणाऱ्या बाई सावकाश समेवर आल्या आणि वॉर्डात टण्ण झालं. पुढच्या समेला परत टण्ण. रझिया सिस्टर धावत आली. बघते तर माझा पाय. मी ताल धरते, पाय हिसका देतो, विटा हलतात आणि खाटेच्या लोखंडी पायावर आपटतात.
दहा वर्षं हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये काढली. प्रार्थनेला पाय हलला की मदर पट्टी मारायच्या. तेव्हा तो पाय त्यांना आवरला नाही, आता मोडून पडल्यावर मला काय आवरणार.

बुधवार, १३ एप्रिल
डॉ. गायकवाड वयाने मी शाळेत शिकवलेल्या शेवटच्या बॅचचे असतील. स्पष्ट बोलतात, हे बरं आहे. मे अखेरच्या फोटोत हाड जुळलेलं दिसलं तर काठी घेऊन नांदेडला, माझ्या घरी. नाही जुळलं तर पुढे कित्येक महिने, आणि "एकटं राहणं विसरा, मॅडम."
संध्याकाळी सु. सपत्नीक. नव्या कलेक्टर कचेरीत कारकून आहे. जिल्हा नवा झाल्यापासून छाती पुढे काढून चालतो. कचेरीला पाटी आहे, बसायला खुर्च्या पुरत नाहीत, तरी जिल्हा तो जिल्हा. म्हणाला, "मावशी, आता नांदेड बास. तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली. पिस्ता कलर."
पिस्ता! भिंतीला! मला इतकी वर्षं ओळखतात ही माणसं.
मी म्हटलं, पाय मोडलाय, डोळे शाबूत आहेत.
गेल्यावर मात्र बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिले. नांदेडच्या दोन खोल्या, गच्ची, पहाटे नदीकडून येणारा वारा. मे अखेर.

रविवार, १७ एप्रिल
शेजारच्या खाटेवर शेवंताबाई, मुरुडच्या. आटलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना पडल्या. डावा हात प्लास्टरमध्ये, तोंड शाबूत. घरचे सगळे रोजगार हमीच्या कामावर, म्हणून त्या एकट्या. सोबत एक पत्र्याची बादली. टँकर आला की उजव्या हाताने ती घेऊन सगळ्यांच्या आधी पळतात.
आज मुलतानी. शे.बाईंनी खाटेवर मांडी घातली आणि वॉर्डाला समजावलं, "गप बसा गं. ती बाई लई येळ वर जाती, मंग खाली येती. खाली आली की वीट वाजती. आता वाजंल बगा."
वाजली. सगळ्या खुदकन हसल्या. सम म्हणजे काय ते मी चौतीस वर्षांत एकाही सहकारी शिक्षिकेला समजावू शकले नाही. इथे विटेने एका संध्याकाळी समजावलं.
डॉ. ना कोणीतरी चुगली केली. ते म्हणाले, बोटं हलवा, मांडी हलता कामा नये. मी म्हटलं, तबला मांडीशी बोलतो, माझ्याशी नाही.

रविवार, २४ एप्रिल
आज वीट वाजली नाही! एकदाही नाही. मारवा होता, तरीही. शेवटी शिस्त अंगात असतेच, योग्य वेळी उगवते. टाचेची ओढही हल्ली कमी वाटते. डॉ. ना सांगितलं, संगीताने गुण येतोय. त्यांनी फक्त नाडी तपासली. तरुण माणसाला कबूल करणं जड जातं.
रेडिओचे सेल दिवसभर खिडकीत उन्हात ठेवते. या उन्हाने पिकं मेली, विहिरी मेल्या. निदान माझे सेल तरी जगवावेत.

सोमवार, २ मे
फोटो शुक्रवारी काढला. धुवायला पाणी आज आलं.
हाड जुळलेलं नाही. उलट सरकलंय.
डॉ. नी फिल्म खिडकीशी धरली. "हे बघा. ताल धरल्याचा परिणाम."
"गेल्या दोन रविवारी माझा पाय हललेला नाही."
"मॅडम, फिल्म खोटं बोलत नाही."
म्हणजे मी बोलते! रेडिओ कपाटात, किल्ली रझिया सिस्टरच्या कमरेला. मी जाब विचारला तर म्हणाली, "अम्मा, मेरे बस में होता तो..." मराठी सोडून दख्खनीत शिरली की समजावं, किल्ली मिळायची नाही.
सु. खोलीला पडदे शिवायला टाकतोय. विचारायला आला होता, फुलं की चौकडी.

रविवार, ८ मे
पाच ते सहा. छत. पंखा. अंगठा.
अकरा वर्षांत पहिल्यांदा सभा चुकली. शे.बाईंनी विचारलं, "आज कोणती बाई गात असंल वो?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "कोणती का असंना. खाली आली असंल आतापतुर."

मंगळवार, १० मे
संतापात लिहितेय, अक्षर वाईट येईल.
पहाटे टँकर आला. शे.बाई लगबगीने माझ्या खाटेच्या पायथ्याशी वाकल्या. काहीतरी ओढल्यासारखं खरखरलं आणि माझा पाय एकदम खाली खेचला गेला. कळ डोक्यात. मी ओरडले, "काय केलंत?"
"काई न्हाई वो. बादली घेतली."
"कुठनं घेतली?"
"तुमच्या इटांखालनं की."
मग सगळं बाहेर आलं. वीट वाजते, डॉ. बोलतात, बाईचा पाय दुखतो. म्हणून यांनी २४ एप्रिलपासून बादली पालथी घालून त्यावर माझ्या विटा टेकवल्या होत्या! पसाऱ्यावरून सिस्टर रागावते, म्हणून सकाळी डॉ. यायच्या आधी बादली बाजूला, डॉ. गेले की परत विटांखाली. टँकर आला की बादली भरायला जाणार, आणि पाणी संपेपर्यंत माझ्या खाटेशेजारी उभी राहणार. म्हणजे बादलीत पाणी असेल तेवढे दिवस माझ्या पायाला वजन. बादली कोरडी की पाय मोकळा.
तीन-तीन दिवस टँकर येत नाही. दुष्काळ थेट माझ्या हाडात पोचला होता.
आणि मी समजत होते शिस्त!
जे तोंडात आलं ते बोलले. चौतीस वर्षांच्या नोकरीत कोणा मुलीला बोलले नसेन इतकं. शे.बाई उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ओझं उचलायची सवय हाय मला. दुसऱ्याचं लटकलेलं बघवत न्हाई."
बादली रिकामीच हातात. माझ्यामुळे आज त्यांचा नंबरही गेला.

बुधवार, ११ मे
रात्रभर विचार केला. सांगितलं नाही तर दोष रेडिओवर. सांगितलं तर डॉ. शे.बाईंना फैलावर घेणार, कदाचित घरीही धाडतील. प्लास्टर निघायचंय, आणि घरी गेल्या तर त्याच विहिरीवर.
राउंडला मी म्हटलं, "विटांखाली बादली ठेवली जात होती. मीच ठेवायला सांगितली. आवाजाचा त्रास होत होता."
कॉन्व्हेंट सुटल्यापासूनचं पहिलं धडधडीत खोटं. बऱ्यापैकी जमलं.
डॉ. आधी पांढरे, मग लाल. "तुम्ही? शिकलेल्या बाई?" पाच मिनिटं बोलले. मी मान खाली घालून ऐकलं. मान वर होत नव्हतीच. मग मी म्हटलं, "तेव्हा रेडिओ निर्दोष ठरतो."
ते म्हणाले, "रेडिओ घ्या. आणि विटा चार."
दुपारी शे.बाईंनी आपली भाकर मोडून अर्धी माझ्या ताटलीत टाकली. "खोटं बोलायला लई येळ लागला वो तुमाला."

रविवार, १५ मे
पूरिया. चार विटांचा आवाज तीन विटांपेक्षा भारदस्त. दोनदाच वाजला. उरलेल्या समा दात आवळून काढल्या.

शनिवार, २८ मे
सकाळी फोटो काढला. फिल्म धुवायला पाणी नाही.
"कधी कळेल?"
"टँकर आला की," डॉ. म्हणाले. मला वाटतं, तेही काळजीत आहेत. दोनदा येऊन विनाकारण दोरी तपासून गेले.
सु. ने पडदे दाखवायला आणले. फुलं. मी म्हटलं, कापड चांगलं आहे, तुझ्या ऑफिसला लाव, खुर्च्या नाहीत तर पडदे तरी. तो हसला. मग माझ्या अंगठ्याला हात लावून बसला. "मावशी, तू गेलीस नांदेडला तर खोली तशीच ठेवीन." मुलगा वाईट नाही. रंगाची दृष्टी नाही, इतकंच.

रविवार, २९ मे
सभेचा शेवटचा दिवस. सेल सकाळपासून उन्हात. पाचला सुरू, परत मुलतानी.
गाणं चालू असतानाच लिहितेय. विलंबित संपत आलं. सम आली, गेली. वीट वाजली नाही. पुढची आली. नाही वाजली.
मनात पाल चुकचुकली. वाकून बघता येत नाही. हाक मारली, "शेवंताबाई! बादली कुठंय?"
"माज्या हातात हाय की, बाई!" दारातून बादली उंच करून दाखवली. "हारन वाजला. टँकर आला!" आणि पळाल्या. प्लास्टर निघालेला हातही झुलवत.
म्हणजे चारही विटा मोकळ्या लटकताहेत आणि हललेल्या नाहीत.
पहिली बादली एक्स-रेच्या खोलीत गेली. रझिया सिस्टर घेऊन गेली, मागोमाग डॉ. गेले. वॉर्डातल्या बायका उठून दाराशी उभ्या आहेत.
द्रुत सुरू झालं. गाणं संपायला दहा मिनिटं आहेत.
पाय हलवत नाही.