दहा शब्द समुद्राचे

रविवार, ११ जानेवारी
आठवड्याचा पहिला दिवस. आजपासून नवी पद्धत. फ्रेंचचा तास पूर्ण फ्रेंचमध्ये. तोंडातून अरबी शब्द गेला की वहीत एक फुली. रोज दहा नवे शब्द : आधी चित्र, मग हावभाव, मग वाक्य. पहिला विषय समुद्र. तो पुस्तकात आहे. (पान ८४. आम्ही पान ३१ वर आहोत.) माझं घर बिजायाला, समुद्राकाठी आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

फेब्रुवारीत इन्स्पेक्टर वर्ग बघायला येतील. त्यांनी पास केलं की नेमणूक पक्की. नेमणूक पक्की की बदलीचा अर्ज. अर्ज केला की घर. या पठाराबद्दल, वाऱ्याबद्दल, मेंढ्यांबद्दल माझी तक्रार नाही. मी दिवसही मोजत नाही. एकशे सव्वीस झाले.

मंगळवार, १३ जानेवारी
फुल्या सतरा.
'होडी'साठी स्टुलावर बसून वल्हवून दाखवलं. मागच्या बाकावरून बलकासेम म्हणाला, "मादाम पीठ मळतायत." सगळ्या वर्गाला पटलं. हातांनी 'लाट' केली, तर खैरा उठून खिडकी लावून आली. तिला वाटलं, मला वारा लागतोय. पद्धत चांगलीच आहे. फक्त एकतिसांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नाही.

शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच फ्रेंच शिकवलं. स्वयंपाकघरात, रोज आठ शब्द. प्रत्येक शब्द वाक्यात वापरल्याशिवाय ताट मिळायचं नाही. वर्गाला असं उपाशी ठेवता येत नाही. नियम बघितले.

गुरुवार, २२ जानेवारी
रोज दहा नवे शब्द ही घाई होती. तेच दहा पक्के करणं जास्त शास्त्रीय. धडा पाचव्यांदा घेतला. ही तालीम नव्हे, उजळणी आहे. तालीम इन्स्पेक्टरसाठी करतात. मी मुलांसाठी करते.

घरमालकीण मबरूका खाला जेवताना म्हणाली, "पोरी, काय शिकवतेस गं? पोरं मेंढ्या हाकताना 'लाट, लाट' ओरडतात. मेंढ्या बिथरल्यात." म्हणजे शब्द वापरात आला.

रविवार, १ फेब्रुवारी. दुपार
नववी वेळ. आता मी कार्ड उचलायच्या आत अख्खा वर्ग शब्द ओरडतो. बलकासेम तर पुढच्या कार्डाचाही सांगतो.
इन्स्पेक्टरांना नवे शब्द शिकवताना बघायचं आहे. माझ्याकडे नवा शब्द एकही उरला नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी
ते उद्या येतायत. विषय बदलायला वेळ नाही. मुलांना एवढंच सांगितलं, की मी शिकवेपर्यंत उत्तर देऊ नका. खोटं वागा असं म्हटलं नाही. माझं वाक्य तीनदा आठवून पाहिलं. नाहीच म्हटलं.
खैरानं विचारलं, "म्हणजे माहीत नसल्यासारखं करायचं?"
मी म्हटलं, "म्हणजे धीर धरायचा."
"कळलं मादाम. माझ्यावर सोडा."

मंगळवार, १० फेब्रुवारी
पहिलं कार्ड दाखवलं. एकतीस कोरे चेहरे. बलकासेमनं तर तोंड उघडंच ठेवलं. एकदा हावभाव केला, काही नाही. पुन्हा केला, तेव्हा पहिल्या रांगेला कळलं. मग दुसरीला. मग तिसरीला. खैरानं पेन्सिल खाली ठेवली की एक रांग शिकायची. चाळीस मिनिटांत दहा शब्द.

इन्स्पेक्टर सी तय्यब यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "पोरी, तीस वर्षं वर्ग बघतोय. मुलांच्या चेहऱ्यावर शब्द असा उगवताना कधी पाहिला नाही." तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला मधेच तोडणं बरं दिसत नाही. मी आभार मानले.

नेमणूक पक्की. बदलीचा अर्ज संध्याकाळीच दिला. बाबांना फोन केला. आईनं माझ्या खोलीला रंग द्यायला घेतला.

सोमवार, १३ एप्रिल
अर्ज परत आला. सोबत सी तय्यब यांचा शेरा : आदर्श पाठ. शिक्षिकेला तीन वर्षं इथून हलवू नये. दर महिन्याला जिल्ह्यातल्या शिक्षकांना हाच पाठ दाखवावा.

खरं सांगितलं तर नोकरी जाते. नाही सांगितलं तर घर. तरीही सांगायचं ठरवून हेडमास्तरांच्या खोलीत गेले. ते आनंदात होते. "बाई, खुर्च्या किती मांडू?"
मी म्हटलं, चाळीस.

रविवारी शिक्षकांची पहिली तुकडी येणार. वर्गाला सांगितलं, पुन्हा समुद्र.
बलकासेम म्हणाला, "परत माहीत नाही?"
मी फळा पुसत राहिले. तास संपल्यावर खैरा टेबलाशी आली. म्हणाली, "मादाम, पुढच्या वर्षी आम्ही पाचवीत जाऊ. पण काळजी करू नका. माझी धाकटी बहीण तुमच्या वर्गात येतेय. तिला मी आत्तापासूनच सगळे शब्द शिकवते, म्हणजे वेळेवर तिला काहीच येणार नाही."