दोन कॅमेऱ्यांची चाचणी

प्रिय ताई,
तुला आणि भावजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

मी मजेत आहे, जेवतोही वेळेवर. आईचा गुडघा आता कसा आहे?

काल निर्मात्याने एकच प्रसंग दोन कॅमेऱ्यांनी टिपायला लावला, आमच्या फिल्मच्या आणि नव्या डिजिटलच्या. तुला ठाऊकच आहे, फिल्मला उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून चाचपडत कॅमेऱ्याची फिल्म भरायची, हेच माझं काम. आज दोन्ही चित्रं पडद्यावर लावली. निर्माता म्हणाला, "ओळखा बघू, फिल्म कुठली?" सगळे माझ्याकडे वळले. पहिल्या चित्रात नटीच्या गालावरचा उजेड इतका मऊ होता, की मी छातीठोकपणे म्हणालो, "ही!"

ते डिजिटल निघालं.

कोणी हसलं नाही गं. हसले असते तर बरं झालं असतं. पुढचा सिनेमा डिजिटलवरच होणार. कॅमेरामनदादा म्हणाले, "तूही शिकून घे." पण ज्या डोळ्यांना आपलीच फिल्म ओळखता आली नाही, त्यांनी आता काय शिकायचं?

आईला यातलं काही बोलू नकोस. घरी कधी येतोय विचारलं, तर काम जोरात आहे, सुट्टी मिळत नाही म्हणून सांग.

तुझाच,
धाकटा