एक्केचाळिसावं फुलपाखरू

कळंबोली,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्राची,

सर्वप्रथम एक तक्रार. ती गंभीर आहे आणि तोंडी निकालात निघण्यासारखी नाही, म्हणून हा लेखी प्रपंच. गेल्या वर्षी पहिल्या पगारातून तू मला जे चौदा खिशांचं जाकीट पाठवलंस, त्याविषयी आहे. दोन हातांच्या प्राण्याला चौदा खिसे कुठल्या शास्त्राने मंजूर केले, हे मला अजून कळलेलं नाही. पेन्सिल सातव्या खिशात ठेवली असं मी शपथेवर सांगू शकतो, ती निघते अकराव्यातून, आणि तोवर समोरचं फुलपाखरू खारघरच्या दिशेने पसार झालेलं असतं. दोन हंगामांत या जाकिटापायी माझ्या सतरा नोंदी हुकल्या आहेत. शिवाय सोसायटीचा नवा वॉचमन मला गॅसच्या पाइपवाला समजून दोनदा मीटरपाशी घेऊन गेला. तुझी आई म्हणते, शर्टाच्या खिशात ठेवा की पेन्सिल, कोणी अडवलंय. पण लेकीने पहिल्या पगारातून घेतलेलं जाकीट खुंटीला टांगून नुसत्या शर्टात जाणारा बाप मी नव्हे. तेव्हा तक्रार फक्त नोंदवून घे. निवारण नको.

आता हंगामाची बातमी. दिवाळीत तू दोन दिवस आलीस, पण माळावर आली नाहीस. पाय दुखतोय म्हणालीस, मीही आग्रह केला नाही. वाट अजून तीच आहे, ट्रकांच्या अड्ड्यामागून नाला, नाल्यापलीकडे गावदेवीचं देऊळ, देवळापासून माळ. पद्धतही तीच. रविवारी साडेआठ ते साडेदहा, चाल बैलाची, आणि दोन्ही बाजूंना हात पसरले तर जेवढं आवाक्यात येईल तेवढ्यातलंच मोजायचं. भाद्रपदात तेरडा इतका दाट होता की पाय कुठे ठेवावा कळेना. मग कुर्डूचे तुरे आले आणि त्यांच्यावर ती सगळी फौज उतरली. साहेबाने आपल्या फुलपाखरांना नावं देताना सार्जंट, कमांडर, सेलर असं निम्मं लष्कर आणि निम्मं आरमार त्यात भरती केलं आहे, हे मला दर वर्षी नव्याने जाणवतं. आश्विनात खुळखुळ्याच्या शेंगा वाळायला लागल्या, म्हणजे त्यांचा रस चोखायला फुलपाखरांची रीघ. पाच ऑक्टोबरला मी ओढ्याकाठच्या खुळखुळ्यापाशी पोचलो तेव्हा वाटलं, झुडपाला वाळकी पानं लटकली आहेत. एक पाऊल पुढे टाकलं आणि झुडूपच उडालं. सगळी फुलपाखरं, निळे वाघ आणि कॉमन क्रो. तीनशे चाळीसपर्यंत मोजली, पुढे मोजता आली नाहीत, आणि वहीत मी तसंच लिहिलं आहे, ‘पुढे मोजता आली नाहीत’.

यशोदाबाई तिथेच गवत कापत होती. तुला ती आठवत असेल. माळाला लागून तिच्या सासऱ्याची खाचरं होती, तिच्या फडक्यातली करवंदं तू खायचीस. मी न्हावा शेव्याच्या कंटेनरांची कागदपत्रं करतो, हे मी तिला पंधरा वर्षं सांगतो आहे. पण संध्याकाळी चार मुलांना संस्कृत शिकवतो एवढ्या पुराव्यावर तिने मला मास्तर ठरवून टाकलं आहे. त्या दिवशी तिने विळा खाली ठेवून मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, “मास्तर, तुमच्याबिगर दुसरा येडा कोन हाय पाखरां मोजाला येनारा?” मी म्हटलं, कोणी नाही. हे वाक्य लक्षात ठेव, कारण आता मला संताप करायचा आहे आणि त्याचा पाया तिथे आहे.

आपल्या माळावर गोदामं होणार आहेत. गोदामं आणि ट्रक टर्मिनल, असं एकत्र. त्याची जनसुनावणी वीस तारखेला, गुरुवारी, गावातल्या सभागृहात आहे. नोटीस यशोदाबाईनेच मला आणून दाखवली, आणि कायद्याप्रमाणे प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल लोकांना वाचायला गावच्या कार्यालयात ठेवला आहे, तो वाचून दाखवा म्हणाली. गेल्या सोमवारी अर्धी रजा टाकून मी तिच्यासोबत गेलो. पंख्याखाली एक टेबल, टेबलावर दोरीने बांधलेला जाडजूड ग्रंथ, आणि तो कोणी पळवू नये म्हणून समोर एक शिपाई. मराठी सारांश तिला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. एक वाक्य मी तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा मला वाटलं माझाच चष्मा चुकतो आहे. ‘फुलपाखरे ही उडणारी असल्याने ती लगतच्या क्षेत्रात स्थलांतरित होतील.’ प्राची, लगतचं क्षेत्र म्हणजे लोखंड बाजार. तिथे ती काय सळयांवर अंडी घालतील? आणि अंडी उडतात का? अळ्या उडतात का? खुळखुळा उडून जाऊन पत्र्याच्या शेडमागे रुजणार आहे का? ज्या महाभागाने हे वाक्य लिहिलं त्याने आयुष्यात एकदा तरी पानाची मागची बाजू उलटून पाहिली असेल, याची मला शंका आहे. घरी येऊन मी तासभर बोलत होतो. तुझ्या आईने भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकलं आणि विचारलं, आता जेवता का अहवालच खाता?

सोसायटीत बोलून काही उपयोग नाही. आपले चेअरमन रावसाहेब गोदामांवर खूश आहेत, कारण रस्ता रुंद होणार. परवा लिफ्टमध्ये मला म्हणाले, मास्तर, फुलपाखरांना मतदान असतं का हो? मी म्हटलं, नाही, म्हणून तर ती अजून स्वच्छ आहेत. पाचव्या मजल्यापर्यंत ते लिफ्टची बटणं वाचत होते. एवढाच माझा या प्रकरणातला विजय.

पण खरा संताप पुढे आहे. अहवालाच्या शेवटी फुलपाखरांची यादी आहे. गेल्या वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहणी करून बासष्ट जातींची नोंद केली, असं वर लिहिलं आहे. गेल्या वर्षीच्या त्या चार महिन्यांत एकही रविवार मी चुकवला नाही आणि मला तिथे तज्ज्ञ तर सोडाच, शेळ्या आणि यशोदाबाई यांखेरीज कोणी भेटलं नाही. यशोदाबाईला विचारलं. ती म्हणाली, “मी रोज हितंच हाय. कोन बी नाय आला.” न्यायदर्शनात ज्ञानाची प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं सांगितली आहेत. या तज्ज्ञाने पाचवं शोधून काढलं आहे, दुसऱ्याच्या यादीचा उतारा. माझ्या धंद्यात पेटी न उघडता कोणी ‘माल पाहिला’ असं लिहिलं तर त्याचा परवाना जातो. इथे अख्खा माळ न उघडता पाहिला आहे.

तरी यादी वाचताना मला आधी गंमत वाटली. विद्वान लोक फुलपाखरं कुळांप्रमाणे लावतात. ही यादी तशी नव्हती. पहिलं लिंबावरचं, दुसरं कढीपत्त्यावरचं, तिसरं पानफुटीवरचं. म्हटलं, हा कोण आपल्यासारखा, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून मोजायला सुरुवात करणारा? मग सातव्या-आठव्या नावाला माझा आवाज हळू झाला, कारण पुढचं नाव मला वाचायच्या आधी येत होतं. एक्केचाळीस नंबरला मी पोचलो आणि थांबलो. तिथे लिहिलं होतं, सदर्न बर्डविंग. यशोदाबाईने विचारलं हे कसं असतं. मी सांगितलं, काळं आणि सोनेरी, हाताच्या पंजाहून मोठं. ती म्हणाली, “पंजायेवरा पाखरू? आमच्या मालावर? कवा?”

कधीच नाही. पंधरा वर्षांत मी ते या माळावर एकदाही पाहिलेलं नाही. पाहिलं ते एकदा, २०१०च्या ऑक्टोबरात, ट्रकांच्या अड्ड्यात, रात्रभर घाट उतरून आलेल्या कर्नाटक पासिंगच्या एका ट्रकच्या जाळीत अडकलेलं, मेलेलं. ड्रायव्हर लुंगीवर दात घासत होता. त्याने तोंडातला फेस थुंकून मोठ्या अदबीने ते काढलं आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून तुझ्या हातात दिलं. तू अकरा वर्षांची होतीस. आपला नियम पक्का होता, मेलेलं, ऐकलेलं किंवा अर्धवट दिसलेलं यादीत घ्यायचं नाही, ते शेवटच्या पानावर ‘संशय’ या मथळ्याखाली. तू म्हणालीस, बाबा, ते इथपर्यंत आलं ना, मग ते इथलंच. मी तुला प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक समजावला. तू ऐकून घेतलंस आणि तुझे डोळे भरून आले. मग मी आपल्या त्या वर्षीच्या निळ्या वहीत एक्केचाळीस नंबरला ते लिहिलं. त्या दिवशी नियम मोडला तो मी मोडला, तू नाही. पेन्सिल माझ्या हातात होती.

ती वही माळ आणि घर सोडून कधी कुठे गेली नाही. गेली ती एकदाच, या जुलैत, तुझ्या मोबाइलमधून. तू पानापानाचे फोटो काढलेस. मी विचारलं कशाला, तर म्हणालीस, आठवण म्हणून असू दे. मला इतकं बरं वाटलं की मी तुझ्या आईला ते तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ती म्हणाली, अहो, कळलं.

मला माहीत आहे, तुमच्या कंपनीत असे अहवाल आठवड्याला दोन निघत असतील. वरचा माणूस म्हणाला असेल, पाहणीचं मागच्या तारखांचं दाखवायचं आहे, कुठून तरी यादी भर. तू भरलीस. तुझ्या परीने तू उपरी यादी न आणता त्याच माळाची आणलीस, हेही मला दिसतं. पण ती पंधरा वर्षांपूर्वीची आहे. पाच ऑक्टोबरचं ते झुडूप तिच्यात नाही, खुळखुळा हा शब्दच त्या ग्रंथात कुठे नाही, आणि ‘सर्व जाती सर्वत्र आढळणाऱ्या’ या ओळीखाली तुझ्या लहानपणाचं मेलेलं बर्डविंग ठेवलं आहे. ज्या मुलीने पावसात छत्री माझ्या वहीवर धरली आणि स्वतः भिजली, तिने न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहावं, याचा मला इतका राग आला आहे की या पत्राचे दोन खर्डे मी फाडले. त्यांत जाकीट नव्हतं.

तुझी आई म्हणते, पत्र कसलं लिहिताय, फोन करा आणि सरळ विचारा. फोनवर तू काहीतरी सांगशील आणि मी ते पटवून घेईन, म्हणून फोन केला नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर, ‘पाहणी व नोंद’ या शब्दांपुढे, तुझं पूर्ण नाव आणि सही आहे. तुझ्या मधल्या नावात मी आहे. यशोदाबाईने विचारलं, हे कोणी लिवलंय? मी म्हटलं, पुढचं इंग्रजीत आहे, नीट छापलेलं नाही. ते मराठीत होतं आणि स्वच्छ छापलेलं होतं. वीस तारखेच्या आत तू स्वतः ती यादी मागे घे, ही पाहणी झालेली नाही असं लिहून दे. नोकरी जाईल, कदाचित पुढचीही मिळायला जड जाईल, हे मी जाणतो आणि तरी सांगतो. कारण हरकत नोंदवणाऱ्यांत माझं नाव पहिलं आहे, यशोदाबाई माझ्या भरवशावर शेजारी येऊन बसणार आहे, आणि यादी खोटी हे तुम्हाला कसं माहीत, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच आहे, माझी वही आणि तुझी सही. आठ दिवस मी सगळ्यांवर चिडतो आहे, पण मला काळजी दुसरीच आहे. माझं नाव पुकारलं जाईल आणि मी उठणार नाही, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
बाबा