प्रेताचं काम

५ जानेवारी

पोरीला शाळेच्या नाटकात काम मिळालं. प्रेताचं! पडदा उघडतो तेव्हा मेलेली, पडतो तेव्हाही मेलेली. मी म्हटलं, एवढं काम तर गादीसुद्धा करेल. तर म्हणे, "आई, तुला नाटकातलं कळत नाही." नसेल कळत. इस्त्रीतलं कळतं, त्यावर दुकान चालतं.

तिचा बाप गल्लीभर सांगत सुटलाय – "मुख्य भूमिका आहे! सगळे तिच्याभोवतीच रडतात!"

मी एकदाच सांगून टाकलं. हे शेवटचं. पुढच्या वर्षी दहावी, नाटक बंद. "बरं," म्हणाली. मान वर केली नाही.

८ जानेवारी

घरी तालीम. स्वयंपाकघरात मधोमध आडवी. मी तिला ओलांडून ओलांडून स्वयंपाक केला. भांडी घास म्हटलं तर – "मेलेय मी." मेलीस तर तोंड बरं चालतं!

श्वास पोटात जिरवायचा म्हणे, छाती हलता कामा नये. सरांनी शिकवलंय. सर म्हणजे भर उन्हात गळ्यात मफलर. एरवी भूगोल शिकवतात. तिथे पोरं न शिकवता झोपतात!

९ जानेवारी

दातांच्या डॉक्टरांची इस्त्रीला आलेली चादर सापडेना. मेलेलीच्या अंगावर सापडली.

१४ जानेवारी

तालीम बघून आले. नाटकातल्या नवऱ्याचं काम शाळेच्या अध्यक्षांच्या मुलाला. दुसऱ्या कुणाला देतील! हंबरडा फोडतो आणि मध्येच छताकडे बघत राहतो. वाक्यं पाठ नाहीत. मग आमची मेलेली ओठ जेमतेम हलवून त्याला पुढचं सांगते. पडल्या पडल्या सगळ्यांचीच वाक्यं पाठ झालीत तिला. मेली तरी बाईला नवऱ्याचं निस्तरावं लागतंच!

सर म्हणाले, "ताई, मौन हाच खरा संवाद." मी म्हटलं, मग त्याला आडवा करा आणि हिला उभी करा. सरांनी मफलर सारखा केला.

२० जानेवारी

शाळाशाळांची नाटकाची स्पर्धा झाली. माझ्यामुळे वाटोळं झालं.

पहिल्या रांगेत बसले होते. ती चादरीखाली, तोंड तेवढं उघडं. पावडर फासून पांढरीफटक केलेली. अध्यक्षांचा मुलगा रडला आणि अडकला. छताकडे बघायला लागला. आता सांगेल, मग सांगेल – ही गप्प! ओठ हलेनात. छाती हलेना. तो अडकला की सांगितल्याशिवाय राहायची नाही, ती गप्प कशी? मी खुर्चीतून उठलेच.

पुढचं धड आठवत नाही. चपला खाली राहिल्या. मी स्टेजवर होते, तिला गदागदा हलवत होते. "ऊठ गं! ऊठ माझ्या राणी!" मी, जी कुणाच्या मयतीला कधी डोळे पुसत नाही!

तिनं एक डोळा किलकिला केला. दात न उघडता म्हणाली, "आई, खाली जा. अजून एक प्रवेश आहे."

परीक्षकांनी स्पर्धेतून बाद केलं.

घरी येताना म्हणाली, "सरांनी बजावलं होतं, आज ओठ हलले तर गुण जातील." अरे, मग मला कुणी सांगायचं!

२१ जानेवारी

वाटलं होतं, भांडेल, आदळआपट करेल. काही नाही. भांडी घासली. मग म्हणाली, "आई, मीच नाटक सोडते. दहावीचं राहू दे, आत्ताच सोडते. तुझं रडवेलं तोंड बघवलं नाही मला तिथे."

मला हवं होतं तेच झालं. बापाला म्हटलंसुद्धा – बघा, अक्कल आली पोरीला. तो ताटावरून उठून गेला.

दुपारी गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२३ जानेवारी

दुकान बंद ठेवून शाळेत गेले. सरांना सांगून आले – दहावीचा अभ्यास मी करून घेईन, पण पुढच्या नाटकात पोरगी हवी. मरायचं काम अध्यक्षांच्या मुलाला द्या. हिला बोलू दे.