पाय घसरून पडला

ती. सौ. वहिनींना धाकट्याचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही दोघं भाऊ मजेत आहोत. चिमणीचा खोकला थांबला का? तिला सांगा, काकाने मोठी रंगपेटी घेतली आहे.

सुट्टीचे दोनच दिवस उरले होते. परवा दुपारी मुक्कामाच्या तळावर दादा आमची कॅम्परव्हॅन, ती आत झोपायची सोय असलेली गाडी, मागे घेत होता. मी आपल्या सवयीने मागून गाडी थोपटत "येऊ दे, येऊ दे" करत होतो. "बस!" म्हणायला उशीर झाला आणि शेजारच्या गाडीचा आरसा फुटला. तिचा म्हातारा मालक हसतच बाहेर आला. होतं असं, म्हणाला.

दादाने उतरून आधी माझ्या कानाखाली वाजवली. म्हातारा मध्ये पडला, तर त्याचं डोकं धरून गाडीच्या दारावर आपटलं. एकदा नाही, चारदा. मी कमरेला मिठी मारून मागे ओढत होतो, तरी लाथा चालूच. म्हाताऱ्याचे दोन दात माझ्या चपलेपाशी पडले. वाचेल, म्हणतात.

पोलिस आले तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "पाय घसरून पडला."

वहिनी, तुमचा हात मोडला तेव्हाही तो हेच म्हणाला होता, अगदी याच आवाजात.

मजेत आहोत, हे वर सवयीने लिहिलं. दादा कोठडीत आहे. मी पोलिसांना खरं ते लिहून दिलंय. तो लवकर सुटत नाही. तोवर चिमणीला घेऊन माहेरी जा. आईने अडवलं तर हे पत्र तिच्या हातात द्या.

तेव्हा तुम्हालाच "जरा बघून चालत जा" म्हणणारा,
तुमचा धाकटा दीर