गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला

सोलापूर, ४ मार्च १९७३

सौ. भिमाबाईस कोंडिबाचा जय भीम. आईलाही सांग.

मी इथं खुशाल आहे. सोमवारी आमच्या गिरणीचा भोंगा दोन वर्षांनी वाजला. आम्ही सगळे अनवाणी धावत सुटलो. फाटकाशी म्हातारे विणकर रडत होते. मला कामावर घेतलंय.

माग सध्या चाळीसच चालू आहेत, बाकीचे गंजलेत. आमचे मुकादम, जॉबर आबाराव, त्यांना विचारलं, "हे कधी लागणार?" ते म्हणाले, "कोंडिबा, सूत पंधरा दिवसांपुरतंच आलंय. पुढचं कुणालाच ठावं न्हाय." तू मनावर घेऊ नको, आबाराव पहिल्यापासून लई भित्रे.

तिकडं तेर गावात नदीला पाणी उरलंय का? दुष्काळी कामावर खडी फोडून तुझे हात सोलले असतील. आपली लेक छबू मला ओळखेल का? पत्र गुरुजींकडून वाचून घेशील, म्हणून मनातलं सगळं लिहीत नाही.

शेळी विकून लेकीला घेऊन निघते, असं तू कळवलंस. मी खोली सारवलीय, चूलही मांडलीय. रोज संध्याकाळी त्या थंड चुलीपाशी बसतो.

पण भिमा, शेळी एवढ्यात विकू नको.

तुमची वाट बघणारा,
कोंडिबा